ऐकणाऱ्यांची बैठक

जुन्या घरातल्या रेडिओवर, टीव्हीवर आणि टेपरेकॉर्डरवर मराठीत गेल्या वीस-पंचवीस वर्षांत विपुल लिहिलं गेलं. दिवाळी अंकांतले ललित लेख, रविवारच्या पुरवण्या, नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप गटांवर फिरणारे मजकूर या सगळ्यांत तेच तपशील पुन्हा पुन्हा भेटतात. व्हॉल्व्हचा रेडिओ तापेपर्यंतची वाट, पोस्टात जाऊन भरायचं लायसन्स, गच्चीवर अँटेना फिरवणारा भाऊ आणि खालून ‘आलं, आलं, गेलं’ असं ओरडणारी बहीण, कॅसेटची बाहेर आलेली फीत पेन्सिलीने परत गुंडाळणं, सरकत्या दाराच्या लाकडी कपाटात बंद केलेला टीव्ही. हे तपशील खरे आहेत आणि ते जपून ठेवावेत असंच मला वाटतं. त्यांच्या मागोमाग येणारा निष्कर्ष मात्र मला पटत नाही. साधनं कमी होती म्हणून माणसं जवळ होती, साधनं वाढली आणि माणसं दुरावली, असा तो निष्कर्ष आहे. तालुक्याच्या गावातलं एकेकाळचं सामाईक ऐकणं-पाहणं टंचाईतून आलं, असं तो मानतो. हे निदान चुकीचं आहे असं माझं म्हणणं आहे, आणि त्याचा परिणाम आजच्या वागण्यावर होतो म्हणून त्याची झडती घ्यायला हवी. टंचाई परत येणार नाही, यावीही असं कुणी मनापासून म्हणणार नाही. मग तिच्यामुळेच जवळीक होती असं एकदा मान्य केलं, की करण्यासारखं काही उरत नाही, फक्त हळहळ उरते.

यावर पहिला आक्षेप असा घेता येईल की, या आठवणींना एवढं गंभीरपणे घ्यायचंच कशाला? प्रत्येकाला आपल्या लहानपणीचं आणि तरुणपणीचं जग गोड वाटतं. उतारवयात माणसाला साधारण दहा ते तीस या वयातल्या घटना इतर काळापेक्षा जास्त आणि जास्त ठळक आठवतात, हे मानसशास्त्रज्ञांनी वारंवार तपासलं आहे. ज्यांचं लहानपण 1990 नंतर गेलं ते आता केबलवाल्याची, व्हीडिओ गेमच्या काडतुसांची आणि सायबर कॅफेची आठवण त्याच ओढीने काढतात, म्हणजे गोडवा यंत्राबरोबर पुढे सरकतो. हा आक्षेप बराचसा बरोबर आहे, आणि म्हणूनच केवळ आठवणींवर विसंबून काही सिद्ध करता येत नाही. पण त्या काळातच, त्या काळच्या लोकांनी नोंदवून ठेवलेला पुरावाही आपल्याकडे आहे. तो स्मरणाने रंगलेला नाही. या वादाचा निवाडा करायचा तर तिकडेच जायला हवं.

सामाईक ऐकण्याचं सर्वांना ठाऊक असलेलं उदाहरण म्हणजे गीतरामायण. पुणे आकाशवाणी केंद्र 1953 साली सुरू झालं. तिथले सीताकांत लाड यांच्या कल्पनेतून ग. दि. माडगूळकरांनी गीतं लिहिली, सुधीर फडक्यांनी चाली लावल्या आणि 1 एप्रिल 1955ला, रामनवमीला, पहिलं गीत प्रसारित झालं. दर शुक्रवारी सकाळी पावणेनऊला नवं गीत आणि पुढच्या दोन दिवसांत त्याचं पुन:प्रसारण, असं वर्षभर चाललं आणि गीतं झाली छप्पन्न. गीत प्रसारित झालं की पुण्याची वृत्तपत्रं त्याचे शब्द छापू लागली. या तपशिलाकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. शुक्रवारी कानावर पडलेलं गीत नंतर कागदावर हाती येत होतं, दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा ऐकता येत होतं आणि पुढचं गीत यायला आठवडा जात होता. त्या आठवड्यात लोक बोलत होते. कुठला प्रसंग घेतला, कुठला गाळला, चाल कुठल्या रागातली, माणिक वर्मांनी काय गायलं, वसंतराव देशपांड्यांनी काय गायलं, याची चर्चा कचेरीत, शाळेत, ओसरीवर होत होती. गीतरामायणाची थोरवी अर्थातच कवीची आणि संगीतकाराची. पण ते घराघरांतलं झालं याचं श्रेय या वेळापत्रकालाही द्यावं लागेल. ऐकणं, वाचणं आणि बोलणं यांना त्या वेळापत्रकाने एकत्र गुंफलं. रेडिओ संच थोड्याच घरांत होते हे खरं, पण तो त्या यशाचा आधार नव्हता. संच दुप्पट असते तर बोलणारेही दुप्पट झाले असते.

टंचाई नुसती असली की काय होतं, हे त्याच वर्षांतल्या दुसऱ्या घटनेत दिसतं. 1952 ते 1962 या काळात माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री होते बा. वि. केसकर, तेही मराठीच. शास्त्रीय संगीताच्या उद्धारासाठी त्यांनी आकाशवाणीवरची चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार केली. हार्मोनियमला तर आकाशवाणीने त्याआधीपासूनच बंदी घातलेली होती. निवड कमी केली, म्हणून श्रोते एका सुरात बांधले गेले का? ते रेडिओ सिलोनकडे गेले. 1952 साली तिथे सुरू झालेल्या बिनाका गीतमालेसाठी बुधवारी रात्री आठला शॉर्टवेव्हचा काटा खरखरीतून सिलोन शोधत फिरू लागला. शेवटी 3 ऑक्टोबर 1957ला सरकारला स्वतःची विविधभारती सुरू करावी लागली. त्या काळच्या माणसांना टंचाई ही टंचाईच वाटत होती. ती त्यांना सोसावी लागली आणि जमेल तिथून त्यांनी ती चुकवली. पन्नास वर्षांनी तिला सद्गुण म्हणणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

आता मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा पुरावा. गीतरामायणाची शेवटची गीतं वाजत होती त्याच सुमारास, 1956च्या पहिल्या काही महिन्यांत, याच पुणे केंद्रावरून एक वेगळा प्रयोग झाला आणि मराठी वाचकाला त्याची आठवण जवळजवळ नाही. युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीने पाच मराठी जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत श्रोत्यांची मंडळं उभी केली. प्रत्येक मंडळात पंधरा-वीस माणसं, एक अध्यक्ष आणि एक निमंत्रक. निमंत्रक बहुधा गावातला लिहितावाचता माणूस, अनेक ठिकाणी शाळामास्तर. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा कार्यक्रम. विषय शेतीचे, आरोग्याचे, साक्षरतेचे, सहकाराचे, ग्रामपंचायतीचे. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करायचा आणि ऐकलेल्यावर बोलायचं. आपल्या गावात हे जमेल का, जमत नसेल तर का नाही, आणखी काय कळायला हवं. पडलेले प्रश्न निमंत्रकाने लिहून केंद्राला पाठवायचे आणि पुढच्या कार्यक्रमांत त्यांना उत्तरं मिळायची. बोलणारा पुण्यात आणि ऐकणारा खेड्यात असला, तरी ऐकणाऱ्याचं म्हणणं परत बोलणाऱ्यापर्यंत जाण्याची वाट आखलेली होती.

या प्रयोगाचं मोल त्याच्या तपासणीत आहे. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने, पॉल न्यूरॅथ या समाजशास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली, तीन प्रकारच्या गावांची तुलना केली. काही गावांत रेडिओ होता आणि मंडळही होतं, काहींत रेडिओ होता पण मंडळ नव्हतं, काहींत रेडिओच नव्हता. आधी आणि नंतर त्याच विषयांवर प्रश्न विचारले. मंडळ असलेल्या गावांत लोकांच्या माहितीत मोठी भर पडलेली दिसली. रेडिओ नसलेल्या गावांत ती पडली नाही, हे अपेक्षितच होतं. विचार करायला लावणारी गोष्ट मधल्या गावांची. यंत्र होतं, कार्यक्रम तेच होते, हवेतून तोच आवाज येत होता, तरी तिथे भर पडली ती नगण्य. हा निष्कर्ष 1959 साली युनेस्कोने छापला आणि त्याच वर्षी ही मंडळं देशभर नेण्याचं ठरलं. पुढे त्यांची संख्या हजारांवर गेली, पण निमंत्रकांची तयारी, पत्रांना वेळेवर उत्तरं, अधिकाऱ्यांचं येणंजाणं यांतली पुण्याची काळजी सगळीकडे पोचली नाही आणि पुष्कळ मंडळं कागदावर राहिली. रेडिओ आपोआप माणसांना जोडत असता, तर मंडळ नसलेल्या गावांतही त्याने जोडलं असतं. जोडण्याचं काम निमंत्रक करत होता. वेळ ठरवणं, सतरंजी घालणं, न येणाऱ्याला हाक मारणं, एकट्याच बोलणाऱ्याला थांबवणं आणि रात्री बसून पत्र लिहिणं, हे ते काम. गावाकडच्या जुन्या रेडिओवरच्या लेखांत या माणसाचा उल्लेख सापडत नाही, याचं मला वाईट वाटतं.

आता बैठकीत कोण बसत होतं, हा प्रश्न टाळता येणार नाही. श्रोतृमंडळं प्रामुख्याने पुरुषांची होती. घरातला रेडिओ बाहेरच्या खोलीत, कर्त्या पुरुषाच्या हाताच्या अंतरावर असे. वनिता मंडळासारखा कार्यक्रम दुपारी, पुरुषमाणसं कामावर गेल्यावर लागत असे, तेव्हा काटा घरातल्या बाईच्या ताब्यात येई. 2 ऑक्टोबर 1972ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या प्रक्षेपकामुळे ते पुणे आणि आसपासच्या मुलखात दिसू लागलं. तेव्हा ज्या मोजक्या घरांत टीव्ही होता तिथे रविवारी सगळी गल्ली जमे, असं सांगतात. सगळी गल्ली म्हणजे कोण? खुर्चीवर कोण, चटईवर कोण, खिडकीच्या गजांबाहेर कोण, आणि कोणत्या वस्तीतली मुलं त्या गल्लीत पाऊलच टाकत नव्हती? या आठवणी लिहिणारे बहुतेक आत बसलेले होते, गजांबाहेरच्यांनी त्यावर फार कमी लिहिलं आहे. गावाच्या एकोप्याचं चित्र जातीने आणि घरातल्या उतरंडीने चिरलेलं होतं, हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. त्याचा अर्थ एवढाच निघतो की ती बैठक अपुरी होती. बैठक नकोच, असा अर्थ त्यातून निघत नाही, कारण जे बाहेर ठेवले गेले त्यांनी पुढे स्वतःची बैठक उभारली.

ती उभारली कॅसेटने, आणि टंचाईच्या सिद्धान्ताला सर्वांत मोठा धक्का बसतो तो इथे. आकाशवाणीवर गाण्यासाठी स्वरचाचणी होती, अभिरुचीची एक ठरलेली चौकट होती आणि ती ठरवणारी माणसं बहुधा एका सामाजिक थरातली होती. आंबेडकरी जलशांची, भीमगीतांची, कव्वालीच्या मुकाबल्यांची परंपरा त्या चौकटीबाहेर जिवंत होती. सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून कॅसेट स्वस्त झाली. ध्वनिमुद्रण करायला मोठी कंपनी लागेनाशी झाली, आणि एका कॅसेटवरून दुसरी भरून घेणं तर गल्लीतल्या दुकानात होऊ लागलं. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप आणि कितीतरी गायक-शाहिरांचा आवाज वस्त्यावस्त्यांत गेला. 14 एप्रिलला, 6 डिसेंबरला, दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर पुस्तकांच्या शेजारी कॅसेटचे ढीग मांडले जाऊ लागले. हे सगळं विपुलतेचं युग होतं. घरोघरी वेगळी कॅसेट, हवं ते हव्या वेळी ऐकण्याची सोय. टंचाईच्या सिद्धान्ताप्रमाणे इथे माणसं विखुरायला हवी होती. वस्तीवर मात्र ती जमली, कारण तिथे जयंतीची मंडळं होती, बुद्धविहारं होती, वर्गणी गोळा करणारी आणि कार्यक्रम आखणारी तरुण मुलं होती. त्यांनी कॅसेटला कर्ण्यावर चढवलं, गायनपार्टीला बोलावलं, गीतावरून भाषण आणि भाषणावरून अभ्यासवर्ग असा पुढचा प्रवास केला. साधन मुबलक, स्वस्त आणि खासगी असतानाही ते सामाईक होऊ शकतं, याला यापेक्षा चांगला दाखला महाराष्ट्रात मला दिसत नाही.

माझ्या मताविरुद्धचा सर्वांत जड पुरावा आहे 1987चा. 25 जानेवारी 1987ला दूरदर्शनवर ‘रामायण’ मालिका सुरू झाली आणि पुढच्या वर्षीच्या जुलैपर्यंत रविवारची सकाळ देशाने एकत्र घालवली. रस्ते ओस पडत, टीव्हीला हार घातले जात. माणसांनी एका वेळी एकत्र बसणं हेच चांगलं असेल, तर याहून मोठी बैठक कुठली? अरविंद राजगोपाल या अभ्यासकाने नंतर सविस्तर दाखवलं की, या मालिकेने घडवलेला एकसंध प्रेक्षक त्या काळच्या राजकारणाला कसा उपयोगी पडला. यावरून मला माझं म्हणणं आणखी नेमकं करावं लागतं. एकत्र बसणं पुरेसं नाही. पुण्याच्या मंडळांत आणि ‘रामायणा’च्या रविवारात फरक असा की, मंडळात ऐकणाऱ्याला प्रश्न विचारायचा होता आणि तो प्रश्न परत जात होता. रविवारी सकाळी कोट्यवधी माणसं एकाच वेळी गप्प बसलेली होती. रामाची किती कथानकं या देशात आहेत, मालिकेने त्यांतलं कोणतं घेतलं आणि का, हा प्रश्न पडद्यासमोर बसून विचारायची सोय नव्हती. त्याच दूरदर्शनच्या मुंबई केंद्राने आधी वेगळा मार्ग दाखवला होता. आकाशानंदांच्या ‘ज्ञानदीप’ कार्यक्रमाच्या प्रेक्षकांनी गावोगावी ज्ञानदीप मंडळं काढली आणि पडद्यावर पाहिलेलं काम आपल्या गावात करायचा प्रयत्न केला. तेव्हा मला जपावासा वाटतो तो एकत्र जमलेल्यांचा परत बोलण्याचा हक्क. सामाईक वेळ त्या हक्कासाठी लागते, एवढंच तिचं महत्त्व.

इथे आजच्या बाजूने कुणी म्हणेल की, परत बोलण्याचा हक्क तर आता प्रत्येकाच्या खिशात आहे. मोबाइलवर कुणीही कुणालाही उत्तर देऊ शकतो. तालुक्याच्या गावातली मुलगी वडिलांच्या परवानगीशिवाय हवं ते ऐकते, शिकते, स्वतःचं गाणं जगापुढे ठेवते. बाहेरच्या खोलीतल्या रेडिओने तिला हे कधी दिलं नसतं. हे मोठं यश आहे आणि मी त्यातलं काहीही परत मागत नाही. पण मोबाइलवरच्या बोलण्यात एक उणीव आहे. तिथे उत्तर देणारे सगळे आहेत, पण एकच गोष्ट पूर्ण ऐकून मग बोलायला बसलेले थोडे. कुणी काय पाहिलं हे दुसऱ्याला ठाऊक नसतं, कारण प्रत्येकापुढे येणारी सामग्री वेगळी आहे आणि ती निवडण्याचा निकष आहे नजर किती वेळ खिळते हा. नातेवाइकांच्या गटावर वाद पेटला की लोक गट सोडतात किंवा गप्प होतात. 1956च्या मंडळात मतभेद असलेला शेजारी पुन्हा गुरुवारी समोर बसायचाच होता, आणि दोघांना बोलतं ठेवायला निमंत्रक होता. सोय पुष्कळ वाढली, पण ही जबाबदारी कुणाकडेच राहिली नाही. क्रिकेटचा सामना किंवा निवडणुकीचा निकाल अजूनही सगळे एका वेळी पाहतात हे खरं, पण त्यात गावाच्या पाण्याचा, शाळेचा, पिकाचा प्रश्न येत नाही.

म्हणून जुन्या दिवसांबद्दलच्या ओढीला काही काम द्यायचं असेल, तर ते संग्रहालयात रेडिओ ठेवण्यापलीकडचं असायला हवं. साधनं आहेत. हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असं सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली सांगितलं. 2006च्या धोरणाने बिगरसरकारी संस्थांनाही सामुदायिक रेडिओ चालवण्याची मुभा मिळाली. सातारा जिल्ह्यातल्या माणदेशात, म्हसवडला, ‘माणदेशी तरंग’ हे केंद्र त्याच वाटेने उभं राहिलं आणि तिथल्या बायकांचा, शेतकऱ्यांचा, लोककलावंतांचा आवाज तिथल्याच माणसांना ऐकू येतो. अशी केंद्रं महाराष्ट्रात फार थोडी आहेत. सार्वजनिक ग्रंथालयं मात्र गावोगावी आहेत. 1967च्या कायद्याने त्यांना मान्यता आणि अनुदानाची चौकट दिली, इमारती आहेत, कपाटं आहेत, बाकडी आहेत, आणि संध्याकाळी पुष्कळ ठिकाणी तिथे वर्तमानपत्र चाळणारे चार-दोन ज्येष्ठ सोडले तर कुणी नसतं. या ग्रंथालयांनी आठवड्यातून एका संध्याकाळी एखादा माहितीपट, एखादं व्याख्यान, गावच्या प्रश्नावरचा एखादा कार्यक्रम सर्वांनी मिळून ऐकायचा आणि त्यावर बोलायचं, असं ठरवलं तर नवं यंत्र घ्यावं लागणार नाही. हे पूर्वी वर्गणीतून आणि हौसेतून होत असे, आता का नाही, असं कुणी विचारेल. पूर्वीही ते आपोआप होत नव्हतं. शाळामास्तराच्या फुकट श्रमांवर ते चालत होतं, आणि ते श्रम गृहीत धरले गेले म्हणूनच ते पुढे टिकलं नाही. वर्तमानपत्रांच्या आणि पुस्तकांच्या खरेदीसाठी अनुदान मिळतं, तसं निमंत्रकाच्या मानधनासाठी मिळायला हवं. त्याला किंवा तिला चर्चा कशी चालवायची याचं रीतसर शिक्षण मिळायला हवं. बैठकीत निघालेल्या प्रश्नांना पंचायत समितीच्या संबंधित अधिकाऱ्याने ठरलेल्या मुदतीत लेखी उत्तर देणं बंधनकारक करायला हवं. आणि जागा व वेळ ठरवण्याआधी, 1956 साली ज्यांना कुणी विचारलं नव्हतं त्या बायकांना आणि गावकुसाबाहेरच्या वस्तीला विचारायला हवं की, तुम्हाला कुठे आणि किती वाजता यायला जमेल.